किडनीच्या पेशींवर संशोधन करायचंय, मग 'नीट' परीक्षा पुन्हा द्यायची का?

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय प्राणिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र. आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, खाऱ्या भूजलाच्या खारपाण पट्ट्यात आहे. काकांना डायलिसिससाठी अकोल्याला न्यावं लागतं. कॉलेजात एका व्याख्यानात ऐकलं, की किडनी कायमची निकामी होण्यामागे पेशींच्या आपसातल्या संवादाचा मोठा वाटा असतो. तेव्हापासून तेच डोक्यात आहे. घरचे म्हणतात, इतकं आवडतंय तर नीट पुन्हा दे, डॉक्टर हो. मला मात्र संशोधन करावंसं वाटतं. यात करिअर आहे का?

उत्तर : आहे, आणि त्यासाठी नीट पुन्हा द्यायची गरज नाही. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एम.डी.ची तीन आणि नेफ्रॉलॉजीतल्या डी.एम.ची तीन, म्हणजे एकही वर्ष वाया न जाता साडेअकरा वर्षं होतात. पेशंट तपासायचे असतील तर दुसरा रस्ता नाही. तुला पेशींचं कुतूहल आहे, आणि त्यावर काम करणारे बरेच जण डॉक्टर नसतात.

पण व्याख्यानात ऐकलेला विषय आणि त्यातलं रोजचं काम यांत अंतर असतं, म्हणून आधी विषयच नीट बघू.

एका किडनीत साधारण १० लाख नेफ्रॉन, म्हणजे एक बारीक गाळणी आणि तिला जोडलेली नलिका अशी एककं, असतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा नलिकांच्या पेशी परत शोषून घेतात. या कामाला ऑक्सिजन खूप लागतो. त्यामुळे रक्तपुरवठा घटला किंवा एखादं औषध बाधलं, की पहिला मार नलिकेच्या पेशींना बसतो. काही पेशी मरतात, शेजारच्या विभागून जागा भरून काढतात. बहुतेकदा गोष्ट इथेच संपते. काही पेशी मात्र दुरुस्तीच्या अर्ध्यावर अडकतात, धड बऱ्या होत नाहीत आणि मरतही नाहीत. बोस्टनच्या जोसेफ बॉन्व्हेंत्र यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये उंदरांत दाखवलं, की विभाजनाच्या ऐन तोंडाशी थांबलेल्या अशा पेशी टीजीएफ-बीटासारखी द्रव्यं सोडत राहतात. हा शेजाऱ्यांना धाडलेला निरोप असतो : इथे जखम आहे, भरून काढा.

केशवाहिन्यांना बिलगून असलेल्या पेरिसाइट पेशी तो निरोप ऐकतात, आपली जागा सोडतात आणि कोलॅजन, म्हणजे व्रणाचं प्रथिन, बनवायला लागतात. इकडे आधार गेल्याने केशवाहिन्या झडतात, ऑक्सिजन आणखी कमी होतो, नलिकेला पुन्हा इजा होते आणि निरोप पुन्हा सुटतो. मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशीही यात सामील होतात. आग विझल्यावरही कुणी मातीच्या भिंतीवर पाणी मारतच राहावं, तसा हा प्रकार आहे. शेवटी नेफ्रॉनच्या जागी नुसता व्रण उरतो. शिल्लक नेफ्रॉन जास्तीचं काम उचलून घेतात, म्हणून पेशंटला बरीच वर्षं काही जाणवतही नाही.

मग निरोपच अडवला तर? टीजीएफ-बीटाला बांधून ठेवणारी अँटिबॉडी मधुमेहामुळे किडनी बिघडलेल्या पेशंटना देऊन पाहिली गेली. फायदा दिसेना, म्हणून ती चाचणी थांबवावी लागली. याच द्रव्याकडे दाह आवरण्याचंही काम असतं, त्यामुळे ते सरसकट बंद करणं सोपं नाही. उलट एक संवाद दुरुस्त करणं चांगलंच कामी आलं. नलिकेतलं मीठ मोजणाऱ्या पेशी गाळणीकडे येणाऱ्या रक्तवाहिनीला 'आवळून घे' असं कळवतात. मधुमेहात हा निरोप कमी पडतो आणि गाळणीवर दाब वाढतो. साखरेसाठी आलेल्या डापाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या तो निरोप पुन्हा सुरू करतात. २०२० च्या मोठ्या चाचणीत डापाग्लिफ्लोझिनने मधुमेह नसलेल्यांचीही किडनी बिघडण्याचा वेग कमी केला, म्हणजे यात आणखीही काही घडत असणार. (ही माहिती काकांच्या औषधांसाठी वापरू नकोस. ते त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टनाच विचारा.)

आता कामाबद्दल. आज या विषयाचं निम्मं काम संगणकावर चालतं. बायोप्सीच्या तुकड्यातल्या एकेका पेशीचा आरएनए, म्हणजे प्रथिनं बनवायच्या सूचना, वाचतात. कोणती पेशी कोणतं निरोपाचं द्रव्य बनवते आणि ते ओळखणारा रिसेप्टर कुणाकडे आहे, याच्या जोड्या सॉफ्टवेअर लावतं. चित्र फार देखणं येतं, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. आरएनए दिसला म्हणजे प्रथिन बनलंच असं नाही. ऊती सुटी करताना कोण कुणाशेजारी होतं हेही हरवतं. म्हणून ती जोडी पेशीसंवर्धनात, उंदरात किंवा ऊतीच्या पातळ कापावर तपासावी लागते. सॉफ्टवेअरचं उत्तर अंदाज म्हणून घेणारी आणि पिपेटही हातात धरणारी माणसं कमी आहेत. तू तशी हो.

त्यासाठी या वर्षीच संख्याशास्त्र आणि 'आर' किंवा पायथन ही संगणकभाषा सुरू कर. आयआयटींच्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर अभ्यासक्रम फुकट आहेत. अमेरिकेच्या किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्टने माणसांच्या किडनीची एकेका पेशीची माहिती खुली ठेवली आहे, ती घरी बसून चाळता येते. एम.एस्सी.साठी आयआयटी जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा दे. संगणकाकडे जास्त ओढा वाटला, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात बायोइन्फर्मॅटिक्सची एम.एस्सी. आहे. पुढे नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा आणि पीएच.डी. पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आयसर किंवा मुंबईची आयआयटी डोळ्यांसमोर ठेव. तिथे किडनीवरच काम करणारी प्रयोगशाळा मिळेल असं नाही. यकृत किंवा फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर, म्हणजे तिथल्या अशाच व्रणांवर, काम मिळालं तरी घे, पद्धती बऱ्याच सारख्या आहेत.

पैशांचा प्रश्न तू विचारला नाहीस, पण घरचे विचारतील. २०२३ पासून जेआरएफला महिना ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. मात्र पैसे कधीकधी महिनोन् महिने रखडतात आणि पीएच.डी.नंतर कायम नोकरी लगेच मिळत नाही. हेही घरी सांग. औषध कंपन्या आणि क्लिनिकल रिसर्चमध्येही या कौशल्यांना मागणी असते.

खारपाण पट्ट्यात किडनीच्या तक्रारी इतक्या का, हा तुझा खरा प्रश्न असेल, तर मात्र वाट वेगळी आहे. ते पाणी, उन्हातलं काम, वेदनाशामक गोळ्या आणि गावोगावच्या तपासण्या यांचं काम. त्यासाठी सार्वजनिक आरोग्य किंवा साथरोगशास्त्रातली पदव्युत्तर पदवी हवी, त्यालाही नीट लागत नाही. दोन्हींपैकी काय, हे आज ठरवू नकोस. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काढ. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपची जाहिरात आदल्या वर्षाच्या शेवटी शेवटी येते, पात्रता त्यात बघ. प्राध्यापकांना थेट मेल करणार असशील तर त्यांचा एक शोधनिबंध वाचून, त्यातलं न समजलेलं एक वाक्य नेमकं विचार. बायोडेटा खाली जोड.