सांबा स्कूलला दरवर्षी थीम कशाला लागते?

प्रश्न असा आहे: “रिओच्या कार्निव्हलमध्ये प्रत्येक सांबा स्कूल दरवर्षी वेगळी थीम घेते म्हणे. ती कोण ठरवतं? आणि शेवटी अर्ध्या कपड्यांत नाचायचंच असेल तर थीम हवी कशाला?”

पहिल्या भागाचं उत्तर एका परिच्छेदात संपतं. दुसऱ्या भागावरून मात्र मी पस्तीसेक वर्षं माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी भांडतोय, तेव्हा जरा सैल होऊन बसा.

सांबा स्कूल म्हणजे शिकवायची शाळा नव्हे, वस्तीचं मंडळच. थीमला तिकडे एनरेदो म्हणतात, म्हणजे सरळ मराठीत कथानक. कार्नावालेस्को नावाचा एक माणूस असतो. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि शिंपी असा चौघांचा ऐवज एकात. तो विषय मांडतो, शाळेची कार्यकारिणी होकार देते. मग विषयाचा लेखी गोषवारा गीतकारांच्या हाती जातो, त्यांच्यात महिनोन् महिने स्पर्धा चालते आणि जिंकलेलं एकच गाणं मिरवणुकीच्या दिवशी अख्खी शाळा तासाच्या वर न थांबता गाते. गोषवाऱ्यातला एकेक मुद्दा म्हणजे एकेका पोशाखाची तुकडी, मोठे प्रसंग रथांवर. कथानकाला वेगळे गुण असतात आणि ते दशांशात कापले जातात. ज्या बाईचे तुम्ही कपडे मोजलेत ना, तिच्या डोक्यावरची पिसं काय सांगतात याचाही खुलासा परीक्षकांना आधीच छापून दिलेला असतो. झालं उत्तर.

आता फेब्रुवारी १९८९.

मी तेव्हा पाच साब होतो. जहाजावर इंजिनिअरांना चढत्या-उतरत्या क्रमाने तीन साब, चार साब म्हणतात. पाच साब म्हणजे तळाचा, ज्याच्या वाट्याला प्युरिफायर साफ करणं येतं. वय तेवीस, दुसरीच सफर. रिओच्या धक्क्याला लागलो आणि कार्निव्हल सुरू झालं. गोदी बंद. क्रेन जागच्या जागी. कॅप्टनची चिडचिड, आमची चंगळ.

आमचा भंडारी, म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी, गोव्यातल्या सासष्टीचा. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या शाळेत शिकलेला, त्यामुळे त्या अख्ख्या किनाऱ्यावर जहाजाचा खरा एजंट तोच. माल उतरवणाऱ्या टोळीच्या मुकादमाशी त्याने दोन दिवसांत अशी गट्टी जमवली की आंब्याच्या लोणच्याच्या एका बरणीवर सांबाड्रोमची, म्हणजे मिरवणुकीच्या स्टेडियमची, दोन तिकिटं आली. टोकाकडची, स्वस्तातली, सिमेंटच्या पायऱ्यांवरची. मुकादम राहायचा निलोपोलिसला, म्हणजे रिओच्या बाहेर, लोकलने जायचं गाव. आपल्या डोंबिवली-कल्याणकडच्या माणसाला लगेच समजेल असं. त्याची शाळा बेइजा-फ्लोर. नावाचा अर्थ गुंजनपक्षी; शब्दशः घेतलं तर फुलाचा मुका घेणारा.

पहाटेपर्यंत मी कंटाळलो होतो, खोटं कशाला बोलू. पिसं, आरसे, झगमग, एकेक रथ चाळीच्या उंचीचा. रस्ता सातशे मीटर, दोन्ही बाजूंना ओस्कार निमायर या वास्तुविशारदाने १९८४ मध्ये बांधलेल्या पायऱ्या, आणि ढोलांचा असा मार की छातीतली हाडं आपली वाटेनात. पण डोळ्यांना सगळं सारखंच दिसायला लागलं होतं. पायाखाली बिअरचे डबे. भंडारी बसल्या जागी पेंगत होता.

उजाडलं. आणि समोरून कचरा आला.

खराखुरा कचरा. चिंध्या पांघरलेली माणसं, भिकारी, फाटकी पोती, मोडकी खेळणी. आणि सुरुवातीलाच एका रथावर काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी प्रचंड उभं. मी मेकॅनिकल डोक्याचा माणूस. मला वाटलं ताडपत्री काढायची राहिली. म्हटलं, बघा, एवढा खर्च करून शेवटच्या क्षणी गोंधळ, अगदी आपल्यासारखेच आहेत. मग आकार ओळखू आला. दोन्ही हात पसरलेले. डोंगरावरचा ख्रिस्त, जो आम्हाला रोज धक्क्यावरून दिसायचा, तोच. त्यावर पोर्तुगीजमध्ये पाटी. भंडारी ताडकन जागा झाला, पाटी वाचली, बिअर डाव्या हातात घेऊन उजव्याने क्रूस काढला. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, “मनाई आहे, तरी आमच्याकडे बघ.”

मग जरा वेळाने स्वतःशीच: “पाद्री पिशे, साब. हो आमचोच जेजू.” (पाद्री वेडे आहेत, साब. हा आमचाच येशू.)

भानगड अशी होती. त्या वर्षी बेइजा-फ्लोरच्या कार्नावालेस्कोने, जोआओझिन्यो त्रिंताने, कथानक घेतलं होतं: ‘उंदरांनो, गिधाडांनो, माझा पोशाख सोडा’. पोशाखाला तिकडे ‘फांताझिया’ म्हणतात. त्यात पोशाखही आला आणि स्वप्नही. विषय श्रीमंतीचा माज आणि त्यातून निघणारा उकिरडा. त्यात ख्रिस्ताला भिकाऱ्याच्या वेषात उभं केलं होतं. रिओच्या आर्चडायोसिसला, म्हणजे तिथल्या कॅथलिक धर्मपीठाला, हे सहन झालं नाही. ते कोर्टात गेले आणि मनाई घेऊन आले. शाळेने मूर्ती काढून टाकली असती तर विषय तिथेच संपला असता. त्यांनी ती कचऱ्याच्या पिशव्यांच्या काळ्या प्लास्टिकात गुंडाळली, पाटी लावली आणि तशीच सातशे मीटर नेली. झाकलेल्या ख्रिस्ताने जे सांगितलं ते उघड्या ख्रिस्ताने अर्धंही सांगितलं नसतं.

हा त्रिंता काही फाटका क्रांतिकारक नव्हता, हे महत्त्वाचं. मूळचा नर्तक, रिओच्या मोठ्या थिएटरातल्या बॅलेमधला. सत्तरच्या दशकात आधी सालगेइरो या शाळेला आणि मग बेइजा-फ्लोरला ओळीने पाच अजिंक्यपदं मिळवून दिली ती थाटाच्या जोरावर. ‘लोकांना थाट आवडतो, गरिबीचं कौतुक फक्त विचारवंतांना’ हे वाक्य त्याच्याच नावावर सांगतात. आयुष्यभर सोनेरी रथ काढून टीका खाल्लेल्या माणसाने उकिरडा काढला, म्हणून तो लागला.

अजिंक्यपद मात्र मिळालं नाही. इंपेराट्रिझ लिओपोल्डिनेन्से आणि बेइजा-फ्लोर यांचे गुण सारखे झाले आणि बरोबरी सोडवायच्या नियमात इंपेराट्रिझ जिंकली. त्यांचा विषय होता ब्राझीलच्या प्रजासत्ताकाची शंभर वर्षं. सभ्य, सरकारी, वेळेवर. (गाणं उत्तम होतं, अजून गातात, हे मान्य.) पण त्या वर्षीची मिरवणूक म्हटल्यावर लोक फोटो काळ्या प्लास्टिकचाच काढून दाखवतात.

‘नाचायचंच असेल तर’ म्हणणाऱ्यांना मला नेहमी हे सांगावंसं वाटतं की हे नाचणारे पहिल्यापासून काहीतरी बोलतच आलेत. १९२८ मध्ये एस्तासियो वस्तीत ज्या मंडळीने स्वतःला पहिल्यांदा ‘सांबाची शाळा’ म्हणवलं तिचं नावच ‘देइशा फालार’, म्हणजे ‘बोलू दे’. १९३२ मध्ये एका क्रीडा वर्तमानपत्राने पहिली स्पर्धा लावली, ती मांगेइराने जिंकली. (मांगेइरा म्हणजे आंब्याचं झाड, आंबा तिकडे आपल्याकडूनच गेला, लोणच्यावर तिकीट मिळण्यात मला काही नवल वाटत नाही.) पुढे सरकारच्या डोक्यात आलं की विषय राष्ट्रीयच हवेत. १९३९ मध्ये एका शाळेने हिमगौरी आणि सात बुटके आणले तर परदेशी म्हणून बाद केली! मग वर्षानुवर्षं सम्राट, सेनापती, शोध, विजय. चौथीच्या इतिहासाचं पुस्तक, ढोलावर. १९६० मध्ये सालगेइरोने पाल्मारेस काढलं, पळून गेलेल्या गुलामांनी जंगलात उभारलेलं राज्य, आणि तिथून वारं फिरलं. १९६९ मध्ये, लष्करी राजवटीने सगळ्यांच्या नाड्या आवळल्यावर दोन महिन्यांत, इंपेरिओ सेरानो ‘स्वातंत्र्याचे वीर’ घेऊन उतरली. गाण्यातला क्रांती हा शब्द सेन्सॉरला खुपला, म्हणून त्याचा ‘उत्क्रांती’ केला. पोर्तुगीजमध्ये त्याला पुढचं एक अक्षर उडवलं की झालं, रेव्होलुसाँवचं एव्होलुसाँव. कोणाला कळलं नसेल?

हल्लीचं बघायचं तर २०१८ ची तुइउती बघा: ‘देवा, देवा, गुलामगिरी संपली का?’ असा विषय, आणि शेवटच्या रथावर राष्ट्राध्यक्षाचा पट्टा घातलेला रक्तपिपासू. लहानशी शाळा, दशांश गुणाने दुसरी आली. किंवा २०१९ ची मांगेइरा, जिने पाठ्यपुस्तकातले वीर खाली उतरवून गाळलेल्या माणसांची नावं गायली आणि पहिली आली.

आता माझा भाऊ.

आम्ही गिरणगावातले. आमचे अण्णा साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि ते परत गेटच्या आत गेले नाहीत. १९८९ च्या जूनमध्ये मी जहाजावरून उतरलो तेव्हा दादा आमच्या मंडळाचा सेक्रेटरी होता. देखाव्याच्या बैठकीत मी विषय टाकला: बंद गिरणीचं गेट, बाहेर माणसांची रांग, आणि रांगेत हातात बदली कामगाराचं कार्ड घेऊन उभा असलेला गणपती. पूजेची मूर्ती वेगळी, मखरात, तिला हात लावायचा प्रश्नच नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मूर्तिकाराने मातीचं छोटं मॉडेलही केलं. कार्ड कानाजवळ धरलेलं, सोंड जरा खाली.

चतुर्थीला तीन आठवडे उरले असताना दादा म्हणाला, वरून नको आहे. वरून म्हणजे कोण, ते मी लिहीत नाही. वर्गणीतला सगळ्यांत जाड लिफाफा ज्यांचा असायचा ते. कारण काय, तर देवाला रांगेत उभं केल्याने भावना दुखावतील. अण्णा सात वर्षं रांगेत उभे होते तेव्हा कोणाचं काही दुखावलं नव्हतं.

मी म्हटलं, ठीक, झाकू. काळं कापड टाकू त्याच्यावर, हात आणि कार्ड तेवढं बाहेर ठेवू. दादाला मी रात्री गॅलरीत बसून निलोपोलिसची सगळी गोष्ट सांगितली, पाटीसकट. त्याने ऐकून घेतली. म्हणाला, “तू दोन महिन्यांनी बोटीवर जाशील. मला इथे राहायचंय.” यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पण तो पुढे जे म्हणाला ते मी विसरलेलो नाही: “शिवाय कापडाला पैसे नाहीत.”

आणि मंडळात बसला धबधबा. खराखुरा, मोटरवर चालणारा, मागे हिरव्या रंगाचं हिमालय. लोकांना आवडला. बक्षीसही आलं, तालमीच्या भिंतीवर शील्ड अजून आहे.

दादाचं म्हणणं आजही हेच, की उत्सव हा उत्सव असतो, त्यात भाषण नको. गणपतीतले मेळे ज्या परळ-लालबागने ऐकले तिथला माणूस हे म्हणतो! मेळ्यांतली पोरं गाऊन, नाचून, चिमटे काढूनच दाखवायची ना? म्हणून तुमच्या प्रश्नातला ‘नाचायचंच असेल तर’ हा तुकडा वाचला आणि मला तुमच्या जागी दादाच दिसला. तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. राग मानू नका.

आता दादा हे वाचणार आहे (वहिनीला पाठवतोय), तेव्हा त्याच्या बाजूचंही लिहितो, नाहीतर फोन येईल. रिओच्या शाळा काही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. कित्येकींच्या मागे ‘जोगो दो बिशो’चा पैसा आहे, म्हणजे आपला मटकाच, फक्त आकड्यांना जनावरांची नावं. विषय विकलेही जातात. २०१३ मध्ये व्हिला इझाबेल शेतीवरचा विषय घेऊन जिंकली तेव्हा मागे एक बडी जर्मन रसायन कंपनी होती. २०१५ मध्ये खुद्द बेइजा-फ्लोर इक्वेटोरियल गिनी या देशाच्या कौतुकावर जिंकली आणि तिथल्या हुकूमशाहीच्या पैशावरून बोंब झाली. हीच बेइजा-फ्लोर १९७५ मध्ये लष्करी राजवटीच्या दहा वर्षांची आरती ओवाळत होती, त्रिंता यायच्या आधी. तेव्हा जाड लिफाफा तिकडेही असतो, दादा, कबूल.

तुम्हाला मिरवणूक बघायचीच असेल तर त्या वर्षीच्या विषयाचा गोषवारा आधी वाचा, गाण्याचे शब्द भाषांतर करून घ्या, आणि पहिला रथ ते शेवटचा रथ सलग बघा, मधली क्लिप नको. तुम्ही स्वतः कुठल्या मंडळात असाल आणि देखाव्याचा विषय कोणी कापायला निघालं, तर कापू देऊ नका, झाका. त्यावर पाटी लावा.

आणि दादा, मंडळाचं त्या वर्षीचं हिशेबाचं पुस्तक माझ्याकडे आहे. अण्णांच्या ट्रंकेत सापडलं. धबधब्याच्या मोटरचं अकरा दिवसांचं भाडं सहाशे साठ रुपये. काळं कापड तेव्हा आठ रुपये वार होतं, मी भारतमाता टॉकीजजवळच्या दुकानात विचारून आलो होतो. वीस वार लागलं असतं.