प्रोजेक्टमध्ये अणुभट्टीवर एलक्यूआर (गणिताने सर्वोत्तम नियंत्रण काढणारी पद्धत) लावलाय, सिम्युलेशनमध्ये छान चालतो. मग प्रत्यक्षात साधा पीआयच (चूक आणि साठलेली चूक यांच्या प्रमाणात दुरुस्ती करणारा कंट्रोलर) का, असं परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?

परीक्षकांची शंका रास्त आहे. एकूण शक्ती सांभाळायला पीआय पुरतो. तिथे एलक्यूआरने फारसं काही हाती लागत नाही. प्रोजेक्ट टाकून देऊ नका, विषय थोडा सरकवा: एकूण शक्तीवरून ती भट्टीत कशी वाटली जाते तिकडे.

आधी मॉडेल तपासा. β (विखंडनानंतर उशिरा येणाऱ्या, म्हणजे विलंबित न्यूट्रॉनांचा वाटा) ६.५ मिलि-के, म्हणजे हजारात साडेसहा, आणि न्यूट्रॉनच्या एका पिढीचा काळ १ मिलिसेकंद धरा (जड पाण्याच्या भट्टीत साधारण एवढीच असते). भट्टीचा स्वतःचा फीडबॅक (तापमान, झेनॉन यांचा उलट परिणाम) सगळा बंद ठेवून एकदम १ मिलि-के (साखळी प्रक्रिया समतोलापासून हजारात एक ढळेल एवढी) रिअ‍ॅक्टिव्हिटी द्या. पहिल्या सेकंदातच शक्ती ६.५/५.५, म्हणजे सुमारे १.१८ पट झाली पाहिजे, मग सावकाश चढत गेली पाहिजे. तसं दिसत नसेल तर विलंबित न्यूट्रॉनांच्या गटांत चूक आहे. आकडे साध्या पाण्याच्या भट्टीचे (२० मायक्रोसेकंद) घेतले असतील, तर ऑयलर पद्धतीत टाइम स्टेप ६-७ मिलिसेकंदांच्या वर गेली की उत्तर फुटतं. स्टिफ सॉल्व्हरच (फार जलद आणि फार संथ बदल एकत्र सोडवणारी पद्धत) वापरा.

खरी अडचण मोजमापात आहे. एलक्यूआर सगळ्या स्टेट (भट्टीची अवस्था सांगणाऱ्या राशी) हातात आहेत असं गृहीत धरतो, पण झेनॉन (विखंडनातून तयार होऊन न्यूट्रॉन गिळणारा वायू) किंवा विलंबित न्यूट्रॉनांचे जनक (ते सोडणारी अणुकेंद्रकं) थेट मोजता येत नाहीत. म्हणजे ऑब्झर्व्हर (मोजमापांवरून न दिसणाऱ्या स्टेटचा अंदाज बांधणारा) आलाच, आणि त्याला डिटेक्टरचा स्वभाव माहीत हवा. व्हॅनेडियमचा डिटेक्टर बीटा-क्षयावर चालतो, अर्धायुष्य पावणेचार मिनिटं; त्याचा सिग्नल थेट फीडबॅकला घेतला तर तुम्ही पाच-सहा मिनिटांपूर्वीची भट्टी चालवताय. कोबाल्टचा तत्काळ बोलतो. शिवाय रिअ‍ॅक्टिव्हिटीला शक्तीने गुणलं जातं, त्यामुळे १० टक्के शक्तीवर ठरवलेला कंट्रोलर पूर्ण शक्तीवर नेला की लूपचा गेन (दुरुस्तीचा जोर) दहापट होतो. शक्तीचा लॉगॅरिथम घ्या, नाहीतर गेन शक्तीनुसार बदला.

स्टेट-स्पेसची (अनेक स्टेट एकत्र हाताळणाऱ्या मांडणीची) खरी गरज मुंबईहून शंभरेक किलोमीटरवर दिसते. तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या ५४० मेगावॅटच्या भट्ट्यांत १४ विभाग आहेत. प्रत्येकात साध्या पाण्याची पातळी वाढवली की न्यूट्रॉन शोषले जाऊन त्या भागाची शक्ती उतरते. आयोडीन-१३५ (अर्धायुष्य ६.६ तास) आणि झेनॉन-१३५ (९.१ तास) यांच्या खेळात एक बाजू तापते, दुसरी थंडावते, आणि एकूण शक्तीचा काटा मात्र जागचा हलत नाही! प्रत्येक विभागाला शक्ती, जनक, आयोडीन, झेनॉन, पातळी अशा पाच स्टेट धरल्या तर ७० होतात. काही मिलिसेकंदांत बदलतात, काही तासांत; थेट रिकाटी समीकरणात (ज्यातून एलक्यूआरचे गेन निघतात) टाकल्या की मॅट्रिक्स बिघडतं. स्टेट पूर्ण शक्तीच्या मूल्यांनी भागून घ्या, जलद आणि संथ भाग वेगळे करा. आयआयटी मुंबई आणि बीएआरसीच्या संशोधकांचे यावरचे शोधनिबंध ग्रंथालयात मिळतील.

विभागांत पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची मर्यादा घालायला विसरू नका. ती नसली की एलक्यूआर पाणी क्षणात भरतो, आणि आलेख दिसायला सुंदर पण खोटा येतो. आणि शटडाउनला तुमच्या कंट्रोलरशी जोडू नका. ती यंत्रणा स्वतंत्रच असते.

परीक्षकांपुढे एकच आलेख ठेवा: एका बाजूला झुकलेली शक्ती, ४० तास, व्हॉल्व्हची मर्यादा आणि डिटेक्टरचा गोंगाट धरून. शेजारी पीआयचा.