शाळेत स्मार्ट टीव्ही आला, तरी सहावीची मुलं वर्गात बोलतच नाहीत. काय करू?

तुम्ही लिहिलंय की धड्यांचे व्हिडिओ दाखवता, मुलं बघतात, पण काही विचारलं की माना खाली. आणि आता एआय वापरून बघावं का, असा प्रश्न आहे. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवतो. एआयकडे नंतर येतो, आधी त्या खाली गेलेल्या मानांबद्दल.

आमच्याकडे लोकवर्गणीतून टीव्ही बसला तेव्हा मी हरखून गेलो होतो. अपूर्णांकांचा व्हिडिओ लावला. रंगीत पिझ्झा, त्याचे तुकडे, मागे संगीत. वीस मिनिटं वर्ग चिडीचूप. "समजलं का?" म्हटलं, तर एका सुरात "हो गुर्जी". दुसऱ्या दिवशी सहज चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, फक्त लिहायचं: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? निम्म्याहून जास्त पोरांनी एक चतुर्थांश लिहिलं, कारण चार तीनापेक्षा मोठे. एका चिठ्ठीवर उत्तरच नव्हतं, नुसतं "माले समजनं नही". ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवलीय. त्या पोराला हे सांगता येत होतं, फक्त माझ्या भाषेत आणि सगळ्यांसमोर सांगता येत नव्हतं.

मग टीव्ही बंद ठेवला आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर आलो. एक भाकर तिघांत वाटली तर जास्त मिळेल की चौघांत, हे मोडक्यातोडक्या अहिराणीत, म्हणजे इथल्या पोरांच्या बोलीत, विचारलं. मागच्या रांगेतली, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी ओरडली, "तीन जन ऱ्हायनात तं जास्ती भेटी ना!" माझी अहिराणी ऐकून पोरं हसली, माझे शब्द सुधारू लागली. गुरुजींनाही एखादी गोष्ट येत नाही, हे दिसलं की वर्ग सैल होतो. एक मात्र कबूल करतो: सातपुड्यातून आलेल्या पावरा आदिवासी मुलांपुढे माझी अहिराणीही परकीच. तिथे दोन्ही भाषा येणाऱ्या मुलाला मधे बसवतो आणि तो काय सांगतो ते मीही ऐकतो.

दुसरी गोष्ट, थांबणं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एखादाच सेकंद थांबत होते. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा जास्त नेला, तर उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" म्हणणारे कमी झाले, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे वाचून मी खिशातल्या मोबाईलवर माझाच एक तास रेकॉर्ड करून ऐकला. लाज वाटली. प्रश्न माझा, उत्तरही माझंच. आता प्रश्न विचारला की डस्टर घेऊन फळ्याचा एक कोपरा सावकाश पुसतो. कोपरा कोरा होईपर्यंत बोलायचं नाही. मला विचाराल तर शाळेतल्या यंत्रांचा आजवर सर्वांत चांगला उपयोग त्या रेकॉर्डिंगचा झाला.

व्हॉट्सअॅपबद्दल थोडक्यात. 'प्रथम' संस्थेच्या असर २०२४ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो असं दिसलं. पण त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. शिवाय वापरता येणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. आमच्याकडे घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामाला सुरतेला. म्हणून गृहपाठ फक्त ग्रुपवर टाकू नका. आणि माझी चूक तुम्ही करू नका: एकदा चाचणीच्या गुणांचा तक्ता ग्रुपवर टाकला. सगळ्यांत खाली नाव असलेला मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, तर आई एवढंच म्हणाली, "बठ्ठा गावनी दखं." साऱ्या गावाने बघितलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे, पण मला तो धडा त्या ओट्यावर मिळाला.

आता एआय. युनेस्कोच्या २०२३च्या मार्गदर्शिकेत वर्गात असली साधनं वापरायला किमान वय १३ सुचवलंय. सहावीची पोरं अकरा-बारा वर्षांची. त्यामुळे मुलांच्या हाती देत नाही, मीच वापरतो, आणि कुठल्याही मुलाचं नाव किंवा फोटो त्यात घालत नाही. केळीवर शाब्दिक उदाहरणं मागितली तर त्याने शेतकऱ्याला डझनाच्या भावाने केळी विकायला लावली. इथे बागेत भाव क्विंटलचा, हे पाचवीच्या पोरालाही ठाऊक. वर्ग खो खो हसला. दुसऱ्या एका गणिताचं उत्तर चक्क चुकीचं होतं आणि मी न तपासता छापून वाटलं होतं. एका मुलाने घाबरत घाबरत वही आणून दाखवली. तेव्हापासून शनिवारी एआयने केलेली चार गणितं फळ्यावर लिहितो, चूक कुठे ते पोरांनी शोधायचं. गुरुजींची चूक काढायला पोरं कचरतात. यंत्राची काढताना अजिबात नाही, आणि त्या भांडणात कोण किती बोलतंय याचं भान कोणालाच उरत नाही.

टीव्ही काढून टाकू नका. रिमोट मात्र रोज वेगळ्या मुलाकडे द्या. अडलं की त्याने व्हिडिओ थांबवायचा आणि कुठे अडलं ते कुठल्याही भाषेत सांगायचं. आमच्याकडे पहिला आठवडाभर निवेदिकेचं तोंड वाकडं दिसेल नेमक्या त्याच जागी व्हिडिओ थांबत होता. थांबू द्या.