ऑस्टिनची एवढी घाई कशाला

अगं पोरी,

तुझा मेल वाचला. लॉ झालं की टेक्सासच्या राजधानीला, ऑस्टिनला जाऊन एखाद्या आमदाराच्या ऑफिसात चिकटायचं आणि मग चार वर्षांनी स्वतः उभं राहायचं, प्लॅन ठीक आहे गं, पण आधी इर्मा रांगेल कोण होत्या ते वाच.

बाई दक्षिण टेक्सासातल्या किंग्जव्हिलच्या, मेक्सिकन-अमेरिकन. बरीच वर्षं शाळेत शिकवलं आणि मग लॉ केलं, ते पण तुझ्याच सॅन अँटोनिओत, सेंट मेरीजला, १९६९ ची डिग्री. कॉर्पस क्रिस्टीला सरकारी वकील झाल्या, तीसुद्धा पुरुषांएवढाच पगार द्याल तर येते असं सांगून. नंतर सरळ गावी येऊन प्रॅक्टिस टाकली. १९७६ ला टेक्सास हाउसवर, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहावर, निवडून आल्या, मेक्सिकन-अमेरिकन बायकांत पहिल्याच, आणि २००३ ला वारल्या तोवर आमदारच होत्या.

गावी प्रॅक्टिस टाकली, हे घाईत वाचून पुढे जाऊ नकोस. टेक्सासात आमदाराला पगार महिन्याला ६०० डॉलर, विधिमंडळाचं रेग्युलर सेशन दोन वर्षांतून एकदा, जास्तीत जास्त १४० दिवस. मग घर कशावर चालणार? म्हणून तर हाउसात वकील एवढे! शिवाय मृत्युपत्रं, घटस्फोट, जमिनीचे कागद करून देताना ज्यांच्या घरी तुझं येणं-जाणं होतं तीच माणसं उद्या तुझ्यासाठी दारोदार फिरतात. मतदारसंघात एक वर्ष राहिलं की कायद्याने उभं राहता येतं, पण एका वर्षात ओळखतं का कोणी?

आणि १९९७ चं बघ. आदल्या वर्षी हॉपवूड केसमध्ये फेडरल कोर्टाने अ‍ॅडमिशन देताना वंश बघायचा नाही असा निकाल दिलेला. बाई तेव्हा हाउसच्या हायर एज्युकेशन कमिटीच्या चेअर. भाषणं ठोकून पेपरात फोटो आला असता, पण त्या प्राध्यापक, वकील यांच्याबरोबर बसल्या आणि हाउस बिल ५८८ आणलं, म्हणजे शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत असलीस तर सरकारी युनिव्हर्सिटीत प्रवेश पक्का. त्या नियमात वंशाचं नावही नाही. पण तिथल्या शाळा वस्तीप्रमाणे वेगवेगळ्या, त्यामुळे मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांद व्हॅलीतल्या शाळेचे पहिले दहा टक्के म्हणजे बहुतेक मेक्सिकन मुलंच. आणि गंमत म्हणजे पश्चिम टेक्सासच्या खेड्यापाड्यातल्या गोऱ्या आमदारांनाही आपली पोरं आत जाताना दिसली, म्हणून तिकडूनही मतं मिळाली. सही केली गव्हर्नर जॉर्ज बुशनी. (पुढे ऑस्टिनच्या सरकारी युनिव्हर्सिटीत जागाच पुरेनात, मग २००९ ला अशा प्रवेशांवर तिथे मर्यादा घातली, ते वेगळं.) मला विचारशील तर सगळ्या भाषणांपेक्षा ही वकिली भारी.

तुझं घर ह्यूस्टनजवळ शुगर लँडला, तर तिथेच ऑफिस टाक. नुसत्या महाराष्ट्र मंडळाच्या जिवावर काही होणार नाही, स्पॅनिश शिक, क्लायंटशी बोलण्यापुरतं तरी. आणि पुढच्या विषम वर्षी जानेवारीत सेशन बसलं की कमिटी हिअरिंग सुरू व्हायची वाट बघ, एक दिवस काढून ऑस्टिनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे विधानभवनात, मागच्या रांगेत जाऊन बस. कोण काय बोलतं ते जाऊ दे, चेअर कोणाला किती बोलू देतो आणि कोणाचं बिल बाजूला सारतो ते बघ आणि मला लिही.

तुझा,
काका