वडिलांची शुगर १६० वर ठेवलीय ती मुद्दाम

ताई, वडिलांना आधी डायबेटिस नव्हता, न्यूमोनियामुळे व्हेंटिलेटरवर आहेत, नाकातल्या नळीतून फीड सुरू झाल्यावर शुगर २४० गेली आणि आता इन्सुलिनचा पंप लावून पण डॉक्टर १६०-१७० वरच थांबलेत, १०० वर का आणत नाहीत असं विचारलंय तुम्ही. मी १५ वर्षं आयसीयूत सिस्टर आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आजार एवढा मोठा असला की शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन ही ताणाची हार्मोन्स वाढतात, लिव्हर साखर सोडत राहतं आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही, त्यात स्टेरॉइड चालू असेल तर अजूनच. पण म्हणून फीड बंद करा म्हणू नका, अन्न त्यांना हवंच आहे.

२००१ मध्ये बेल्जियमच्या एका अभ्यासात शुगर ८० ते ११० ठेवल्यावर मृत्यू कमी झालेले दिसले, मग सगळीकडे तेच सुरू झालं. २००९ ला नाइस-शुगर नावाचा सहा हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यात कडक कंट्रोलवाल्यांपैकी २७.५ टक्के लोक ९० दिवसांत गेले आणि १८० पर्यंत चालवून घेतलेल्यांपैकी २४.९ टक्के, शिवाय शुगर एकदम ४० पर्यंत किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण ६.८ विरुद्ध ०.५ टक्के. तेव्हापासून साधारण १८० च्या वर राहिली तर इन्सुलिन सुरू करायचं आणि १४०-१८० मध्ये ठेवायची.

मला खरी भीती वाटते ती फीड थांबण्याची. एका रात्री सीटीला न्यायचं म्हणून आमच्या एका पेशंटचं फीड बंद केलं आणि इन्सुलिनचा पंप तसाच चालू राहिला. झोपेच्या औषधावर होते, चक्कर येतेय हे सांगणार कोण? परत आल्यावर कूस बदलायला गेले तर पाठीखालची चादर घामाने ओलीचिंब, शुगर बघितली तर ४६. डेक्स्ट्रोज म्हणजे साखरेचं सलाइन देऊन वर आणली, पण ती चादर मी विसरले नाही, आता फीड बंद करताना माझा हात आधी इन्सुलिनच्या पंपाकडे जातो.

तुम्ही एवढंच विचारा की फीड थांबलं, उलटी झाली, नळी निघाली तर इन्सुलिनचं काय करता, १० टक्के डेक्स्ट्रोज लावता का. आणि बीपी वाढवायची औषधं चालू असतील, हात सुजले असतील तर बोटाची शुगर चुकू शकते, आर्टरी लाइनमधून, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीतून, रक्त घेऊन बघतात का तेही विचारा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, केली नसेल तर करायला सांगा, डायबेटिस आधीपासून लपून होता का ते बरंचसं त्यात कळेल.