शब्दविचार : ‘पढवणे’ मराठी की हिंदी?

प्रश्न : आमच्याकडे जुनी माणसे ‘पोरायले पाढे पढवा’ असे सहज म्हणतात. शाळेच्या अहवालात मी ‘पाढे पढवले’ असे लिहिले, तेव्हा ‘हे हिंदी आहे, शिकवले असे लिहा’ अशी सूचना मिळाली. ‘साक्षीदार पढवून आणला’ हे मात्र मराठीत नेहमी वाचतो. या क्रियापदाचे मूळ आणि नेमका अर्थ सांगावा.
— एक शिक्षक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ‘पढवणे’ हे अस्सल मराठी क्रियापद आहे. विदर्भात हिंदी सतत कानावर पडते, त्यामुळे ‘पढाना’ आठवणे स्वाभाविक आहे. परंतु हे दोन्ही शब्द संस्कृत ‘पठ्’ धातूपासून प्राकृतमार्गे आपापल्या भाषेत उतरले आहेत. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ठ’चा ‘ढ’ होतो, हा नियम प्राकृताचे व्याकरण लिहिणाऱ्या हेमचंद्राने 12व्या शतकात नोंदवला असून त्याच्या उदाहरणांत ‘पढइ’ हे रूपही आहे. याच वाटेने ‘मठिका’ची मढी झाली, ‘पीठ’चे पिढे झाले आणि ‘पाठ’चा पाढा झाला. ‘करणे–करवणे’ याप्रमाणे ‘पढणे’चे प्रयोजक रूप ‘पढवणे’. मूळचे ‘पढणे’ आता ‘नमाज पढणे’, ‘पढीक’ यांसारख्या मोजक्या प्रयोगांत आणि दासबोधातल्या ‘पढतमूर्ख’ या शब्दात उरले आहे.

‘पठ्’ म्हणजे मोठ्याने म्हणणे. म्हणून पढवणे म्हणजे आपण म्हणायचे, समोरच्याकडून तसेच म्हणवून घ्यायचे आणि ते तोंडी बसेपर्यंत हा क्रम चालू ठेवायचा. ‘शिकवणे’ हे ‘शिक्ष्’ धातूचे असून त्याचा आवाका मोठा आहे. नांगर धरायला शिकवता येते, पढवता येत नाही. साक्षीदाराच्या बाबतीत शब्द दुसऱ्याचे आणि तोंड त्याचे, म्हणून तिथे या क्रियापदाला वाईट छटा आली. तो दोष कपटाचा आहे, पुन्हापुन्हा म्हणवून घेण्याचा नव्हे, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

उलट पढवण्याने भाषेचे मोठे जतन केले आहे. वर्गात एक मूल पुढे उभे राहून ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ’ म्हणते आणि मागून सारा वर्ग त्याच चालीत ओढतो. व्यवहारात आपण दोन म्हणतो; पाढ्यात मात्र संस्कृत ‘द्वे’पासून आलेले ‘बे’ टिकून आहे. ‘चोक’ हे ‘चतुष्क’चे रूप आहे, आणि साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणतात त्यातले ‘औट’ हे ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, याचे झिजलेले रूप आहे. अर्थ विचारला तर पुष्कळांना सांगता येणार नाही, तरीही पिढ्यान्‌पिढ्या पढवल्यामुळे हे शब्द जिवंत राहिले.

तेव्हा अहवालातले ‘पाढे पढवले’ हे वाक्य निःशंकपणे तसेच ठेवावे; गुणाकार म्हणजे काय हे समजावून दिले असेल, तर तिथे ‘शिकवले’ लिहावे.