कष्टकऱ्यांचं, पण उमाळे न काढणारं चित्र कोणतं?

प्रश्न असा आहे की रोजचं अंगमेहनतीचं काम दाखवणारं, पण ‘बिचारे कामगार’ असा सूर न लावणारं एखादं चित्र सुचवा. माझं उत्तर: फ्रेंच चित्रकार ग्युस्ताव्ह कायबॉत याचं १८७५ सालचं फरशी तासणाऱ्यांचं चित्र. फरशी म्हणजे इथे लाकडी जमीन.

पॅरिसमधली रिकामी खोली. उघड्या अंगाचे तिघे गुडघ्यांवर बसून जमीन तासताहेत. मागच्या खिडकीतून येणारा उजेड त्यांच्या पाठींवर आणि तासलेल्या-न तासलेल्या पट्ट्यांवर सांडलाय. तासून निघालेले पापुद्रे वेटोळे होऊन पडलेत, बाजूला वाइनची बाटली आणि ग्लास. उजवीकडचे दोघे काम न थांबवता काहीतरी बोलताहेत, असं त्यांच्या कललेल्या डोक्यांवरून वाटतं. चित्रकार मात्र कुणाचीच बाजू घेत नाही, नुसता नीट बघतो. मला आवडतं ते हेच.

पॅरिसच्या सरकारमान्य सलोन प्रदर्शनाने हे चित्र नाकारलं. चित्रात शेतकरी चालायचे, पण शहरातले घामेजलेले मजूर, तेही एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर (जवळपास दीड मीटर रुंद), हे पचायला जड गेलं असावं. मग १८७६ मध्ये ते इम्प्रेशनिस्टांच्या (क्षणाचा उजेड आणि रंग टिपणाऱ्या चित्रकारांच्या गटाच्या) दुसऱ्या प्रदर्शनात लागलं. तिथेही एमिल झोला या फ्रेंच लेखकाला ते फोटोसारखं काटेकोर वाटलं. मला हा आक्षेप पटत नाही. जमिनीचा तो तिरका, पुढे घसरत येणारा कोन पाहा, तो मुद्दाम रचलेला आहे.

गंमत म्हणजे कायबॉत स्वतः गर्भश्रीमंत होता. चित्र आता पॅरिसच्या म्युझे दोर्से या संग्रहालयात आहे.